चौदा दिवस दुधावर

इमेल्डाने काउंटरखालून दुधाची बाटली काढली, कप काठोकाठ भरला, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली पुन्हा पायाशी ठेवून दिली. पलीकडे पॅकीने सँडविचचा कागद उलगडला. आत हॅम होतं, लोणी होतं, मोहरीही होती. वास काउंटर ओलांडून आला तशी ती कुंपणाच्या खिळ्यांची खोकी सरळ करायला लागली. ती आधीच सरळ होती.

"आज तिसरा दिवस," पॅकी म्हणाला. शेतकऱ्यांच्या त्या सहकारी दुकानात तो मागचं गोदाम सांभाळायचा; तोंड मात्र कायम पुढच्या बाजूला असायचं.

"कशाचा?"

"तुझ्या दुधाचा. बिस्किट नाही, स्कोन नाही, काल केक आला त्यालाही हात लावला नाहीस. मागे वासरांच्या दूधपावडरीची पोती आहेत ती एकदा तपासून घेतो."

"घे तपासून."

"नाही, उत्तम आहे. अशीच पीत राहा, वसंतात बाजाराला नेऊ तुला."

तो एकटाच हसला. दाराजवळ एक म्हातारा शेतकरी रबरी बूट पायात घालून बघत होता, त्याचं लक्ष नव्हतं. रेडिओ चालू होता. आरोग्यखात्यातल्या कुणी बाई सांगत होत्या, की देशात दर चार मोठ्या माणसांमागे एकाचं वजन आजाराच्या पातळीला गेलं आहे, आणि या गोष्टीकडे खोड म्हणून नव्हे, आजार म्हणून बघायची वेळ आली आहे. पॅकीने सँडविच खाली ठेवलं. रेडिओ बंद करावा की नाही याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

"इथे तर आपण तिघंच आहोत," तो शेवटी म्हणाला. "आता चौथा जो आत येईल तो. आपण सुटलो."

तो हे चांगल्या मनाने म्हणाला होता.

"वजनाची सुईबिई तर नाही ना लावलीस? बँकेतल्या त्या बाईसारखी? अर्धी झाली आणि जगाला सांगत फिरते, रोज चालायला जाते म्हणून."

"उपास आहे," इमेल्डा म्हणाली.

"आत्ता? ऑक्टोबरात? उपासाचे दिवस तर वसंतात."

"हो."

"कुणासाठी?"

त्या भागात उपास कुणासाठी तरीच असायचा. मुलाच्या परीक्षेसाठी, नवऱ्याच्या दारूसाठी, गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी. ज्याच्यासाठी करायचा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, हाही तिथला रिवाज होता. इमेल्डाने कप उचलून दूध प्यायलं आणि ओठ पुसले. पॅकीने मान डोलावली. न सांगण्यातच त्याला उत्तर मिळालं होतं. ते चुकीचं होतं, पण त्याला तो काय करणार.

खरं उत्तर तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात, पाकक्रियांच्या तुपकट वहीखाली एका लांब लिफाफ्यात होतं. पाच वर्षं वाट बघितल्यावर गॉलवेच्या हॉस्पिटलमधून तारीख आली होती. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल त्याची केळ्याएवढी नळी करायची. त्याआधी आहाराचे वर्ग झाले होते, सुईही वर्षभर झाली होती. सुईने साखर उतरली, वजन थोडंसं हललं आणि थांबलं. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणत होते, आधी वजन, मग गुडघे. आणि गुडघ्यांनी तीन वर्षांपूर्वीच टेकायचं नाकारलं होतं. वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री करणारी, रोज संध्याकाळी सातच्या मिस्सेआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, दोन मेणबत्त्या पेटवणारी ती बाई, आणि सगळं चर्च गुडघ्यांवर असताना तीच एकटी बाकावर ताठ बसलेली. ती दर उन्हाळ्यात डर्गच्या बेटावर यात्रेला जायची, तीन दिवस अनवाणी, काळा चहा आणि कोरडा टोस्ट एवढ्यावर. परत आली की कुणीतरी म्हणायचंच, "एवढे उपास करते बाई, जातात कुठे?"

म्हणून ऑपरेशनचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जी देवासाठी तोंड आवरते तिला स्वतःसाठी पोट कापून घ्यावं लागतं, हे वाक्य ती गावाच्या तोंडून ऐकू शकत होती, स्वरासकट.

ऑपरेशनआधी चौदा दिवस फक्त दूध. दिवसाला दोन लिटर, कमी सायीचं. दोन वाट्या दही, एक कप खारट पातळ सूप आणि हवं तेवढं पाणी. पोटात जठरावर लिव्हर पसरलेलं असतं, आणि तिच्यासारख्यांचं चरबीने फुगलेलं. ते आक्रसलं नाही तर डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. मग भोकं शिवून परत पाठवतात. हे सगळं एका नर्सने फोनवर सावकाश सांगितलं होतं. शेवटी इमेल्डाने विचारलं होतं, मिस्सेतला प्रसाद घेतला तर चालेल का, रोजचा आहे.

"ते आम्ही मोजत नाही," नर्स म्हणाली होती.

*

सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये जपाची माळ संपली आणि लोक मिस्सेसाठी बाकांत सरकून बसायला लागले, तेव्हा नूला मॅकगोल्ड्रिक मधली वाट ओलांडून आली आणि इमेल्डाच्या शेजारी टेकली. दोघी शाळेत एका बाकावर होत्या, आता रस्त्याच्या अल्याड-पल्याड राहत होत्या. नूला बोलायला कधी मागे नसायची. आज तिने नुसता इमेल्डाचा हात धरला आणि कोटाच्या खिशात धरून ठेवल्यासारखा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

"पॅकीने सांगितलं," ती कुजबुजली.

"काय सांगितलं?"

"तू बोलू नकोस. मी पण बोलत नाही." आणि लगेच म्हणाली, "दूधच गं! तुला सुचलं तरी कसं? ती पण दुधावरच आहे. नळीतून, तासाला चमचाभर."

तेव्हा इमेल्डाला कळलं. नूलाच्या मुलीला, शिवॉनला, तीन आठवड्यांपूर्वी सातव्या महिन्यातच मुलगी झाली होती. रोशीन. नऊशे चाळीस ग्रॅम. गॉलवेला काचेच्या पेटीत होती. रोज सकाळी साडेआठला शिवॉनचा फोन यायचा, बाळाचं त्या दिवसाचं वजन सांगायला, आणि नूला तो आकडा पोस्टात, दुकानात, चर्चच्या दारात सांगत जायची. गावातल्या बायका ग्रॅमचे पौंड-औंस करून घ्यायला तिच्याभोवती थांबायच्या.

"गुरुवारी सुरू केलंस ना?" नूला म्हणाली. "शुक्रवारपासून चढायला लागलं. आज एक हजार दहा. हजार ओलांडलं इमेल्डा."

वेदीवर घंटा वाजली. सगळे उभे राहिले. इमेल्डालाही बाकाचा आधार घेत उठावं लागलं, आणि जे काही तोंडापर्यंत आलं होतं ते त्या उठण्यात राहून गेलं. पुढे मिस्साभर तिने ते दोनदा मनात जुळवलं. शेवटी बाहेर पडताना नूलाने दारातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवून तिच्या कपाळाला लावली, जशी आई लेकराला लावते. तेव्हा ते बोलता येण्यासारखं उरलं नाही.

त्या दिवसापासून इमेल्डा माळ रोशीनच्या नावाने म्हणायला लागली. तेवढं तरी खरं असावं म्हणून.

गावाने उपासाची काळजी घ्यायला सुरुवात केली. दुकानात तिच्यासमोर कुणी डबा उघडेना. पॅकी सँडविच घेऊन गोदामात जायचा आणि तोंड पुसून यायचा. कुणी तिच्या पायरीवर गायीच्या दुधाची किटली ठेवून गेलं, ताजं, वर बोटभर साय असलेलं; ती किटलीकडे बघत उभी राहिली आणि मग ते दूध मांजरांना घातलं. कमी सायीचं पाहिजे होतं हे कुणाला सांगणार? नूला रोज आकडा सांगायची. एक हजार तीस. एक हजार पंचावन्न. एक हजार नव्वद. सांगताना ती इमेल्डाकडे अशा नजरेने बघायची, की यातला अर्धा वाटा तुझा.

शुक्रवारी नर्सचा फोन आला.

"चक्कर? मळमळ?"

"नाही."

"छान. एक नाव राहिलंय आमच्याकडे. घरी कोण नेणार तुम्हाला, आणि पहिले दोन दिवस घरात सोबत कोण राहणार? मागच्या वेळीही तुम्ही कळवते म्हणालात."

"कळवते."

"कॉनबॉयबाई, नाव नसेल तर आम्हाला दाखल करून घेता येत नाही. तारीख दुसऱ्या कुणाला जाईल."

"कळवते," इमेल्डा पुन्हा म्हणाली. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ लीड्सला, त्याच्या पाठीचंच ऑपरेशन झालेलं. आणि रस्त्यापलीकडे नूला.

*

अकराव्या दिवशी, रविवारी, पॅकीने घरच्या बटाट्यांची पिशवी दिली. "उपास सुटला की खा," म्हणाला. शेवटची काढणी होती, गुलाबी सालीचे, मातीसकट.

दुपारी रस्त्यावरच्या प्रत्येक घरातून रविवारच्या जेवणाचा वास येत होता. इमेल्डाने दही खाल्लं, वाटी धुतली. मग बटाटे निदान धुऊन ठेवावे म्हणून नळाखाली धरले. धुतल्यावर चार पातेल्यात टाकले, कोंबड्यांना होतील. पाणी उकळलं, साली फाटून आतलं पिठूळ पांढरं दिसायला लागलं. तिने एक ताटलीत काढला. थंड होऊ दे, मग कोंबड्यांना. तेवढ्यात लोण्याची डबी तिच्या हातात होती आणि मिठाची दुसऱ्या. ती शेगडीजवळ उभीच होती, बसलीसुद्धा नाही. दुसरा तिने थंड व्हायचीही वाट बघितली नाही.

उरलेले दोन तिने अंगणात नेऊन कोंबड्यांपुढे फोडले. आत येऊन ताटली धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग पुन्हा काढून पुन्हा धुतली.

सोमवारी पाचला ती दुकानातून येऊन कोट काढत होती, तेव्हा नूला मागच्या दाराने आत आली. ती कधी ठोठावत नसे. पण आज ती दारातच थांबली, पायपुसण्यावर.

"तू काही खाल्लंस?"

इमेल्डाचा एक हात अजून बाहीत होता.

"इमेल्डा. काल तू काही खाल्लंस का?"

"काय झालंय?"

"तिचं पोट फुगलंय. दूध बंद केलंय सगळं. सलाइनवर ठेवलंय. चाळीस ग्रॅम उतरली एका रात्रीत." नूलाचा आवाज चढला नाही, तो सपाट होता, यादी वाचल्यासारखा. "शिवॉन म्हणाली, विचारू नकोस आई, असं काही नसतं. मला माहीत आहे असं काही नसतं. तरी विचारते."

"एक बटाटा," इमेल्डा म्हणाली. मग बाही सोडवून कोट खुंटीला लावला. "दोन. लोण्याबरोबर."

नूलाने डोळे मिटले.

"पण ते तिच्यासाठी नव्हतं, नूला."

"काय नव्हतं?"

"दूध. उपास. ते रोशीनसाठी नव्हतं. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, पोटाचं. वजनासाठी. त्याच्याआधी दूधच प्यायचं असतं."

नूलाने खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"पॅकीला तू उपास म्हणालीस."

"हो."

"आणि मला चर्चमध्ये काहीच म्हणाली नाहीस. मी तुझा हात धरून बसले होते आणि तू काहीच म्हणाली नाहीस."

"हो."

"मी शिवॉनला सांगितलं. ती त्या पेटीच्या काचेला तोंड लावून पोरीला सांगते, गावात इमेल्डाआजी तुझ्यासाठी दुधावर आहे म्हणून. रोज सांगते."

इमेल्डाला बसावंसं वाटत होतं. ती बसली नाही.

"माळ तिच्याच नावाने होती," ती म्हणाली. "ती खरी होती."

"माळ सगळेच ओढतात," नूला म्हणाली. "ऑपरेशनचं का नाही सांगितलंस? मला?"

"तू काय म्हणाली असतीस?"

नूला काय म्हणाली असती ते दोघींनाही माहीत होतं. बँकेतल्या बाईबद्दल सगळ्यात चुरचुरीत वाक्य गावात तिचंच होतं. तिने खुर्ची होती तिथे सरकवली, पायपुसण्यावर पाय पुसले, जाताना, आणि गेली.

*

मंगळवारी नर्सचा फोन आला तेव्हा इमेल्डाने विचारायच्या आधीच बटाट्यांचं सांगितलं.

"दोन? किती मोठे?"

"मुठीएवढे. लोणी होतं."

"किती लोणी?"

"जेवढं असतं तेवढं."

नर्सने उसासा टाकला, पण रागाचा नाही. "आता घट्ट राहा. दोन दिवस आहेत. आणि गुरुवारी डॉक्टरांनाही सांगा. तुम्ही नाही सांगितलं तरी आत गेल्यावर त्यांना लिव्हर दिसेलच. ते काही लपत नाही." कागद उलटल्याचा आवाज आला. "नाव?"

"उद्या देते."

"उद्या संध्याकाळी आठपर्यंत मी आहे. त्यानंतर तारीख सोडावी लागेल."

ती फोन ठेवून स्वयंपाकघरात आली. पेल्यात दूध ओतलं, सवयीने क्रूसाची खूण केली आणि रोशीनचं नाव ओठांवर आलं तशी थांबली. आता ते नाव घेणं म्हणजे चोरीचा माल परत जागेवर ठेवून दान म्हणवण्यासारखं होतं. ती पेल्याकडे बघत राहिली. मग नाव न घेता प्यायली. दूध दूधच होतं, गार आणि जरासं गोड.

दुकानात पॅकी तिच्याशी फारसं बोलला नाही. पण अकरा वाजता तो सँडविच घेऊन गोदामात न जाता काउंटरशीच बसला आणि कागद उलगडला. म्हणजे नूलाने सांगितलं होतं. इमेल्डाने वास येऊ दिला. खिळ्यांच्या खोक्यांना तिने हात लावला नाही.

"माझ्या आत्तेबहिणीने केलंय ते," पॅकी खूप वेळाने म्हणाला, सँडविचकडे बघत. "डब्लिनला. आता फुटबॉलच्या मैदानाला चकरा मारते. आधीही बडबडी होती, आता तर काय." तो थांबला. "बटाटे माझेच होते ना."

"चांगले होते," इमेल्डा म्हणाली.

"मी पिशवी द्यायला नको होती."

"तू कुठे शिजवलेस?"

बुधवारी सहाला ती वेदीवरची चादर बदलत होती. चर्चमध्ये कुणी नव्हतं. नूला बाजूच्या दाराने आली, मरियेच्या मूर्तीपुढे एक मेणबत्ती लावली आणि बाकावर न बसता तिथेच गुडघे टेकून बसली. तिला ते सहज जमत असे. इमेल्डाने चादरीची टोकं जुळवली, सुरकुती हाताने साफ केली. आता बाहेर जायला तिला नूलाच्या मागूनच जावं लागलं असतं. ती वेदीच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरली, कठड्याला धरून, आणि नूलापासून दोन हातांवर थांबली.

"मला आज आठच्या आत कुणाचं तरी नाव द्यायचंय," ती म्हणाली. "घरी आणायला. आणि दोन दिवस घरात राहायला. नाव नसलं तर घेत नाहीत."

नूला मेणबत्तीकडे बघत होती.

"दुसरं कुणी नाही म्हणून विचारते असं समज," इमेल्डा म्हणाली. "ते खरंच आहे. आणि दुसरी शंभर माणसं असती तरी तुलाच विचारलं असतं, तेही खरं आहे. तू नाही म्हणालीस तर मी फोन करून सांगते, तारीख दुसऱ्याला द्या."

बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं. मिस्सेची माणसं यायला लागली होती.

"मी उद्या तशीही गॉलवेला जाणारच आहे," नूला म्हणाली. "पोरीला बघायला. तुझ्यासाठी म्हणून नाही."

"बरं."

"सकाळी सातला निघू. हॉर्न वाजवणार नाही, बाहेर येऊन थांब."

*

ती पावणेसातलाच फाटकाशी उभी होती, छोटी बॅग पायाशी घेऊन. काल आठच्या आत तिने नर्सला नूलाचं नाव कळवलं होतं. मध्यरात्रीपासून पाणीही नव्हतं. रात्रभर धुकं पडून कुंपण ओलं झालं होतं. नूलाची लाल गाडी आली, जुनी, पुढची सीट पुढेच अडकलेली. इमेल्डा आत बसली. सीटचा पट्टा ओढला, तो अर्ध्यात अडकला, पुन्हा ओढला. नूला समोर बघत थांबली होती. मग तिने हात पलीकडे नेला, पीळ पडलेला पट्टा तिच्या खांद्यामागून सोडवून सगळा बाहेर काढला आणि खटक्यात बसवला. गाडी गिअरमध्ये टाकली.

गाडी पाऊण तास चालली होती. मग नूला म्हणाली, "दुखतं का त्यात?"

"नंतर, म्हणतात. चार-पाच दिवस."

"आणि मग खाणार काय?"

"पंधरा दिवस पातळ. मग गाळलेलं. मग चमच्याने."

"बाळासारखं."

"तसंच."

"आणि त्यांनी आत बघून परत शिवलं तर? बटाट्यांमुळे?"

"तर परत यादीत," इमेल्डा म्हणाली. "किंवा नाहीच."

नूलाने काचेवरची वाफ बाहीने पुसली. साडेआठला फोन वाजला. तिने गाडी कडेला घेतली नाही, बटण दाबलं, आणि शिवॉनचा आवाज गाडीभर झाला, थकलेला, पण वर चढणारा.

"एक हजार पंच्याऐंशी, आई. पोट बसलंय. पहाटे दोन मिली दूध दिलं, तासाभराने परत दोन. टिकलं."

"टिकलं," नूला म्हणाली.

"तू निघालीस का?"

"निघाले. माझ्याबरोबर इमेल्डा आहे."

"बरं," शिवॉन म्हणाली. "हळू चालव." फोन बंद झाला.

"दोन पौंड सहा औंस," नूला स्वतःशीच म्हणाली. पुढे गवताचे गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर सावकाश चालला होता, मागे गाड्यांची रांग. तिने वेग कमी केला. "तुझं?"

"माझं काय?"

"आकडा. आमचा सगळ्या गावाला पाठ आहे. तुझा सांग."

इमेल्डाने बाहेर बघितलं. दगडी कुंपणं, मेंढ्या, पुन्हा कुंपण. तो आकडा नर्सशिवाय कुणाला माहीत नव्हता. नवऱ्यालाही ती कधी बोलली नव्हती, आणि त्याने विचारलं नव्हतं.

"एकशे सोळा किलो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "चारशे ग्रॅम."

"आणि दूध सुरू केलंस तेव्हा?"

"एकशे एकवीस. तीनशे."

नूलाचे ओठ हलायला लागले, माळ म्हणताना हलतात तसे. ती वजाबाकी करत होती आणि मग भागाकार. ट्रॅक्टर डावीकडच्या शेतात वळला, रस्ता मोकळा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"साडेचार रोशीन," ती म्हणाली, आणि गाडी पुढे काढली.